सात पस्तीसची सकाळ

चित्र आकाराने लहान आहे. उंची ४८ सेंटिमीटर, रुंदी ६३. करड्या-निळ्या धुक्यात बुडालेलं एक बंदर. मध्यापासून थोडा उजवीकडे केशरी-लाल सूर्य, आणि त्याच्या खाली पाण्यात उतरलेल्या केशरी रंगाच्या तुटक रेघा. पुढे एक काळसर होडी, तिच्यात दोन माणसं. एक उभा राहून वल्हं मारतो आहे, दुसरा बसलेला. तिच्या मागे डावीकडे दुसरी होडी, जरा फिकी. त्याही मागे तिसरी, जवळजवळ धुक्यातच विरलेली. पार्श्वभूमीला मोठ्या जहाजांच्या डोलकाठ्या, डाव्या बाजूला धुराडी, उजवीकडे माल उतरवणाऱ्या याऱ्या. हे सगळं इतकं पुसट की कुठली काठी जहाजाची आणि कुठली यारीची, ते सांगता येत नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात सही आणि साल आहे: क्लोद मोने, ७२.

पॅरिसमध्ये १८७४ साली हे चित्र पहिल्यांदा लोकांसमोर आलं, तेव्हा ते अपुरं आहे असा निकाल लागला. चित्रकाराने घाईत काहीतरी फरकाटलं आहे, डोळ्यांना दिसलेल्या वस्तू नीट काढायचे कष्ट घेतलेले नाहीत, असा तो आरोप होता. पुढे हे चित्र जगभर प्रसिद्ध झालं, एका पंथाला त्याच्यावरून नाव मिळालं, तरी आरोपाची छाया पुरती गेली नाही. आजही हे चित्र पाहून ‘छान आहे, पण यात रेखाटन कुठे आहे?’ असं विचारणारी माणसं आपल्याकडे भेटतात. माझं म्हणणं असं की हे चित्र घाईचं असेल, पण ढिसाळ मुळीच नाही. त्या शतकात इतकी काटेकोर चित्रं फार थोडी झाली. याचे पुरावे चित्र रंगवल्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी पुढे आले. त्यांच्याकडे जाण्याआधी, मोनेने हे चित्र ज्या खिडकीतून रंगवलं तिच्याशी तो कसा पोचला, ते पाहू.

मोनेचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० चा, पॅरिसचा. पण तो पाच-सहा वर्षांचा असताना घर उठून ल हाव्रला आलं. सीन नदी जिथे समुद्राला मिळते त्या मुखावरचं हे बंदर. अमेरिकेकडे जाणाऱ्या आगबोटी इथून सुटत. कापूस आणि कॉफी इथे उतरे. वडील नातेवाइकांच्या धंद्यात होते. जहाजांना लागणारं किराणा-सामान पुरवण्याचा तो धंदा. म्हणजे पोराचं सगळं लहानपण धक्क्यावर गेलं. भरती कधी, ओहोटी कधी, कुठलं जहाज कुठल्या झडपेतून, म्हणजे बंदराच्या पाणदरवाजातून, आत येतं, हे त्याला शिकवावं लागलं नसणार. पंधरा-सोळाव्या वर्षी तो गावातल्या प्रतिष्ठितांची व्यंगचित्रं काढून विकू लागला आणि त्यावर बरे पैसे मिळवू लागला.

त्याच गावात ऊजेन बूदँ नावाचा चित्रकार होता. पलीकडच्या काठावरच्या ऑनफ्लरचा, दर्यावर्दी माणसाचा मुलगा. त्याने या व्यंगचित्रं काढणाऱ्या पोराला हेरलं आणि सोबत उघड्यावर रंगवायला चल म्हणून मागे लागला. मोनेने आधी टाळाटाळ केली, मग गेला, आणि त्या दिवसापासून त्याचं आयुष्य बदललं असं तो म्हातारपणीही सांगत असे. बूदँ आकाशं रंगवायचा. कागदावर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवायची त्याची सवय होती. कलेच्या इतिहासात बूदँला मोनेचा पहिला गुरू म्हणून एका ओळीत उरकतात, ते मला अन्यायाचं वाटतं. चित्र ही एका विशिष्ट वेळेची नोंद असते, हा पुढच्या सगळ्या उलथापालथीचा मूळ विचार त्या खलाशाच्या मुलाकडून आलेला आहे.

उघड्यावर बसून रंगवणं तोवर शक्यही झालं होतं, आणि त्याचं श्रेय एका साध्या वस्तूला आहे. पूर्वी तेलरंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. एकदा टोचलं की रंग वाळायला लागे, पिशवी फुटायची ती वेगळीच. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाच्या पत्र्याच्या नळीचं पेटंट घेतलं. टोपण लावा, खिशात टाका, चालू लागा. रसायनशास्त्राने त्याच शतकात नवे रंगही दिले: कोबाल्ट निळा, कृत्रिम अल्ट्रामरीन, क्रोमचे आणि कॅडमियमचे पिवळे, झळझळीत हिरवे. आणि पॅरिसहून नदीकाठच्या गावांना रेल्वे गेली. चित्रकार सकाळी गाडीत बसून पाण्याकाठी उतरू शकत होता.

पाण्याची भाषा मोनेला खरी सापडली ती १८६९ च्या उन्हाळ्यात. पॅरिसजवळ सीनच्या काठी ला ग्रनुयेर नावाचं पोहण्याचं आणि होड्या भाड्याने मिळण्याचं ठिकाण होतं. तिथे तो आणि ओग्युस्त रन्वार शेजारी शेजारी बसून रंगवत. दोघेही कफल्लक. तरंगणाऱ्या होड्या, पाण्यावर नाचणारं ऊन. सतत हलणाऱ्या पाण्याचं चित्र गुळगुळीत घोटून काढताच येत नाही, हे त्यांना तिथे उमगलं. मग आडवे, तुटक, एकमेकांत न मिसळलेले फटकारे आले. हलत्या पाण्यावर जे दिसतं ते तसंच असतं: निळ्याचा एक तुकडा, शेजारी उन्हाचा एक, लगेच होडीच्या सावलीचा एक.

मग युद्ध आलं. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांची जुंपली. मोने बायको-मुलाला घेऊन लंडनला गेला. त्याचा जिवलग मित्र फ्रेदेरिक बाझीय सैन्यात भरती झाला आणि त्या नोव्हेंबरातच लढाईत पडला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. अडचणीच्या काळात मोनेला पैसे पुरवणारा, त्याचं मोठं चित्र विकत घेणारा हाच मित्र होता. लंडनमध्ये मोनेने इंग्लिश चित्रकार टर्नरची धुक्यात वितळलेली जहाजं पाहिली, टेम्सवरचं धुकं स्वतः रंगवलं, आणि पॉल द्युराँ-रुएल या चित्रविक्रेत्याशी त्याची ओळख झाली. पुढे या सगळ्या मंडळींना जगवलं ते याच माणसाने. हॉलंडमार्गे परतून १८७१ च्या अखेरीस मोने पॅरिसजवळच्या आर्जांतय गावी राहायला गेला. सीन तिथे रुंद आणि संथ आहे, शिडाच्या होड्यांच्या शर्यती तिथे भरत. त्याने एक होडी घेतली, तिच्यावर छोटी खोली बांधून घेतली आणि तिलाच चित्रशाळा केली. ही कल्पना त्याच्याआधी दोबिन्यी या चित्रकाराने वापरली होती, पण मोनेने तिचा पुरेपूर उपयोग केला. काठावरून पाणी समोर दिसतं. होडीतून ते चारी बाजूंनी दिसतं, आणि नजर पाण्याच्या पातळीला येते. एद्वार मानेने १८७४ मध्ये मोनेला त्या होडीत रंगवताना चितारलं, ते चित्र आज म्यूनिखमध्ये आहे.

याच सुमारास, ७२ च्या हिवाळ्यात, मोने आपल्या लहानपणीच्या बंदरात आला. धक्क्यावरच्या ओतेल द लामिरोते या हॉटेलात उतरला. खिडकी आग्नेयेकडे उघडत होती. समोर बाहेरचं बंदर, आणि मधोमध मोठ्या आगबोटी आत घेणारी झडप. युद्ध हरलेला, प्रशियाला पाच अब्ज फ्रँक खंडणी देऊन वाकलेला देश पुन्हा उभा राहत होता, आणि त्याच्या या बंदरात पहाटेपासून याऱ्या हलत होत्या. काही अभ्यासक या चित्रात त्या उभारीची खूण पाहतात. असेल. मला मात्र त्यात आधी दिसतो तो धक्क्यावर वाढलेला मुलगा. एवढ्या धुक्यातही बंदराची कुठली गोष्ट कुठे आहे, हे त्याला ठाऊक आहे.

त्याच हिवाळ्यात आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला निघाले होते. लेण्यांतली भित्तिचित्रं नकलून घ्यायचं हे काम १८७२ मध्ये सुरू झालं आणि मध्ये खंड पडत १८८५ पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजींसारखे तरुण अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून प्राचीन चित्रकारांच्या रेषांमागून आपली रेषा नेत होते. हे काम अतोनात चिकाटीचं होतं. त्यातल्या बऱ्याच नकला लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि १८८५ च्या आगीत जळाल्या, हे वाचताना आजही चुटपुट लागते. एकीकडे फ्रान्समधला एक चित्रकार डोळ्यांसमोरचा प्रकाश पळून जाण्याआधी पकडायला धडपडत होता. दुसरीकडे वाघूर नदीच्या वरच्या कड्यात आमची पोरं हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा हात समजून घेत होती. दोघांच्याही हातात ब्रश होता. पण मुंबईच्या शाळेचा अभ्यासक्रम लंडनहून आलेला. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छाया-प्रकाश घोटायचा, कडा स्वच्छ राखायच्या, पृष्ठभाग पूर्ण करायचा. पूर्णता हीच परीक्षा. पॅरिसच्या सालोंची, म्हणजे सरकारी वार्षिक प्रदर्शनाची कसोटीही तीच होती.

त्या सालोंने मोनेची चित्रं कधी घेतली, पुष्कळदा परत केली. १८६७ साली त्याचं बागेतल्या स्त्रियांचं भलं मोठं चित्र नाकारलं गेलं; पुढेही तसंच. अखेर १८७३ च्या शेवटी या मंडळींनी आपली सहकारी संस्था काढली आणि परीक्षक-मंडळाशिवाय स्वतःच प्रदर्शन भरवायचं ठरवलं. नादार या प्रसिद्ध छायाचित्रकाराचा बुलव्हार दे काप्युसीनवरचा जुना स्टुडिओ मिळाला. १५ एप्रिल १८७४ ला दारं उघडली. प्रवेश एक फ्रँक. संध्याकाळी आठ ते दहा दिवाबत्ती करूनही प्रदर्शन खुलं ठेवत, म्हणजे कामावरून सुटलेल्यांना येता यावं. तीस कलावंत, दीडशेवर चित्रं: मोने, रन्वार, पिसारो, देगा, सेझान, सिस्ले, बेर्त मोरिझो. माने मात्र बाहेरच राहिला. लढायचं तर सालोंतच, असं त्याचं मत होतं.

यादी तयार करायचं काम रन्वारचा भाऊ एदमोंकडे होतं. मोनेच्या चित्रांची नावं एकसुरी वाटून तो वैतागला. या चित्राला काय नाव द्यायचं, असं त्याने विचारलं. हे काही ल हाव्रचं दृश्य म्हणून खपणार नाही, तेव्हा ‘इम्प्रेशन’ लिहा, असं मोनेने सांगितलं. एदमोंने त्याला ‘सूर्योदय’ जोडलं. यादीत ते ९८ व्या क्रमांकावर छापलं गेलं.

२५ एप्रिलला ‘ल शारिव्हारी’ या विनोदी पत्रात लुई लरुआचा लेख आला. त्याने एका जुन्या वळणाच्या चित्रकाराला प्रदर्शनात फिरवून हळूहळू वेडं होताना दाखवलं. या समुद्रचित्रापेक्षा भिंतीच्या कागदाचा कच्चा नमुनाही जास्त पूर्ण असतो, असा त्या लेखातला टोला. लेखाच्या शीर्षकातच या कलावंतांना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटलं होतं आणि ते नाव चिकटलं. मराठीत आपण त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतो. लरुआला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण तो स्वतः रेखाटन जाणणारा माणूस होता. त्याची नजर ज्या चित्रांवर पोसली गेली होती त्यांत होडी म्हणजे फळ्या, खिळे, दोर आणि वल्ह्यावरची पकड. इथे होडी म्हणजे ब्रशचे पाच-सहा काळसर फटकारे. यात काहीतरी हरवलं आहे असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं. चारच दिवसांनी कास्तान्यारी या समीक्षकाने दुसऱ्या पत्रात लिहिलं, त्याचा आशय असा, की ही मंडळी निसर्गदृश्य काढत नाहीत, त्या दृश्याने मनावर उमटलेली संवेदना काढतात. हे त्याने समजून लिहिलं होतं.

महिनाभरात सुमारे साडेतीन हजार लोक येऊन गेले. सालोंला लाखांनी येत. वर्षअखेरीस हिशेब मांडला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या माथी १८४ फ्रँक ५० सांतीमचं देणं निघालं. संस्था मोडली. चित्र मात्र विकलं गेलं. एर्नेस्ट ओशेदे या कापडाच्या व्यापाऱ्याने ८०० फ्रँक मोजून ते घेतलं. ही धाडसाची खरेदी होती. चारच वर्षांत ओशेदेचं दिवाळं वाजलं आणि १८७८ च्या लिलावात तेच चित्र २१० फ्रँकला गेलं. लिलावाच्या यादीत त्याचं नाव काय छापलं होतं? ‘इम्प्रेशन, सूर्यास्त’. चार वर्षांत सकाळची संध्याकाळ झाली होती, आणि पुढे बराच काळ हा गोंधळ चालू राहिला. घेणारा होता जॉर्ज द बेलियो, रुमानियातून आलेला होमिओपॅथीचा डॉक्टर. तो या चित्रकारांना औषधं द्यायचा आणि अडीअडचणीला त्यांची चित्रंही विकत घ्यायचा. मोनेची पत्नी कामी आजारी असताना मोने मदतीसाठी त्यालाच पत्रं लिहीत असे. द बेलियोच्या मुलीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ते पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयाला दिलं. २७ ऑक्टोबर १९८५ ला भर दिवसा बंदूकधारी चोर संग्रहालयात शिरले आणि नऊ चित्रं घेऊन गेले. त्यात हेही होतं. पाच वर्षांनी, १९९० च्या डिसेंबरात, ते कॉर्सिका बेटावर सापडलं. सुदैवाने शाबूत.

खुद्द बंदराचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्तराष्ट्रांच्या बॉम्बवर्षावात ल हाव्रचा मध्यभाग जमीनदोस्त झाला. मोनेचं हॉटेल, धक्क्यावरच्या इमारती, काही उरलं नाही. म्हणून ही खिडकी कुठली, सूर्य उगवतीचा की मावळतीचा, हे जागेवर उभं राहून पडताळता येत नाही. मार्मोताँ संग्रहालयाने २०१४ च्या प्रदर्शनासाठी हा प्रश्न टेक्सासमधले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांच्याकडे नेला. त्यांनी जुने नकाशे, बंदराची छायाचित्रं, भरती-ओहोटीचं गणित आणि हवामानाच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांची तर्कपद्धती पाहण्यासारखी आहे. चित्रातल्या झडपेची दिशा नकाशावरून कळते, आणि सूर्य तिच्या तुलनेत कुठे आहे ते चित्रात दिसतं. म्हणजे सूर्याची दिशा मिळाली. खिडकी आग्नेयेकडची, तेव्हा मावळता सूर्य तिथे दिसणं अशक्य. सूर्य क्षितिजाच्या दोन-तीन अंश वर, म्हणजे उगवून वीस ते तीस मिनिटं झालेली. त्या दिशेला त्या उंचीवर सूर्य वर्षातून दोनदाच येतो: नोव्हेंबरच्या मध्याला आणि जानेवारीच्या अखेरीस. मोठी जहाजं झडपेजवळ हलताना दिसतात, त्याअर्थी पाणी भरतीचं. त्यामुळे पुष्कळ दिवस गळाले. मग आकाश आणि वारा. धुराड्यांचा धूर डावीकडून उजवीकडे वाहतो आहे, म्हणजे वारा पूर्वेचा. हवामानाच्या नोंदींशी ताडल्यावर मोजक्याच तारखा उरल्या, आणि सहीतलं ‘७२’ लक्षात घेता सर्वांत संभाव्य ठरली ती १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी सुमारे सात वाजून पस्तीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी मोने बत्तीस वर्षांचा होणार होता. आपल्या पंचांगाने तेव्हा कार्तिक शुद्ध पक्ष. दोन दिवसांवर पौर्णिमा, तुळशीची लग्नं लागत होती.

ज्या चित्रावर ‘काही नीट काढलंच नाही’ असा ठपका होता, त्यातून सूर्याची दिशा, त्याची उंची, भरतीची वेळ आणि वाऱ्याचा रोख वाचता आला. सालोंत सोन्याच्या चौकटीत झळकणाऱ्या, दोरन् दोर काढलेल्या किती समुद्रचित्रांतून इतकं वाचता येईल?

दुसरा पुरावा डोळ्याच्या विज्ञानाचा आहे. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांनी दाखवलं की या चित्रातला सूर्य भोवतीच्या करड्या ढगांइतकाच उजळ आहे, जास्त नाही. चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर सूर्य जवळपास गायब होतो. आपल्या मेंदूत रंग ओळखणारी यंत्रणा वेगळी आणि उजेड, जागा व हालचाल ओळखणारी वेगळी. पहिलीला सूर्य लखलखीत दिसतो, दुसरीला तो दिसतच नाही, आणि या ओढाताणीत तो थरथरल्यासारखा वाटतो. हे मोनेला शास्त्र म्हणून ठाऊक असायचं कारण नाही. पण दाट धुक्यातला उगवता सूर्य नुसत्या डोळ्यांनी बघता येतो, कारण त्याचं तेज धुक्याएवढंच उरलेलं असतं. फक्त रंग वेगळा. त्याने जे दिसलं तेच लावलं. पांढरा मिसळून सूर्याला ‘तेजस्वी’ करण्याचा मोह आवरला, यात त्याची शिस्त आहे.

आमच्या नसरापूरच्या बाजूला राहणाऱ्यांना हे पटवायला शास्त्रज्ञ लागू नये. कार्तिक-मार्गशीर्षात शिवगंगेच्या खोऱ्यात धुकं उतरतं, बनेश्वरची झाडी त्यात बुडते. कापूरहोळवरून भोरकडे गेलं की भाटघर धरणाचं पाणी लागतं, आणि वेळवंडी नदीच्या काठच्या गावांत थंडीतल्या सकाळी होडी पाण्यावर दिसते तेव्हा ती आधी नुसती गडद आडवी रेघ असते. मग त्या रेघेवर एक उभी रेघ, म्हणजे वल्हवणारा. त्याचा चेहरा, त्याचं मुंडासं, होडीच्या फळ्या हे सगळं आपल्याला ठाऊक असतं म्हणून आपण मनाने भरतो. डोळ्याला ते दिसत नाही. मोनेच्या पहिल्या होडीपासून तिसऱ्या होडीपर्यंत काळा रंग जसा पायरीपायरीने फिका होत जातो, तसाच तो वेळवंडीवरही होतो. तोरणा-राजगडाच्या रांगा एकामागे एक फिक्या होत जातात, त्याचंही कारण हेच, मधली हवा.

हा प्रकाश मराठी चित्रकाराच्या चित्रफलकावर यायला वेळ लागला. राजा रविवर्म्याच्या तैलचित्रांनी आणि छापखान्यातून घरोघरी गेलेल्या प्रतींनी जी अभिरुची घडवली ती पूर्णतेची होती: जरीचा काठ जरीसारखा, मोती मोत्यासारखा. मुंबईच्या कलाशाळेतून महादेव विश्वनाथ धुरंधरांसारखे रेखाटनाचे धनी निघाले. त्या शिस्तीला मी कमी लेखणार नाही. तिच्याविना पुढचं काहीच झालं नसतं. पण शाळेत बाहेरचा उजेड नव्हता. तो ज्याने आपल्या पायांनी शोधला, तो माणूस कोल्हापूरचा. आबालाल रहिमान.

मोने ल हाव्रच्या खिडकीत बसला होता तेव्हा आबालाल कोल्हापुरात शाळकरी वयाचे असतील. घराण्यात कुराणाच्या सुंदर हस्तलिखित प्रती तयार करण्याचं काम. म्हणजे हातात सुलेखनाचं वळण आधीपासून. मुंबईला कलाशिक्षण झालं, १८८८ साली व्हाइसरॉयचं पदक मिळालं. मुंबईत राहून श्रीमंतांची व्यक्तिचित्रं काढायची, तर उभं आयुष्य सुखात गेलं असतं. ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं, आणि तरीही त्यांचा जीव रमला तो कोटितीर्थाच्या काठी. तळ्याकाठी राहायचं, पंचगंगेचा घाट, रंकाळा, कोटितीर्थ हेच विषय पुन्हा पुन्हा रंगवायचे, उजेड बदलला की पुन्हा तेच. शाहू महाराज १९२२ मध्ये गेल्यावर त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. आख्यायिका असेल, पण जी चित्रं उरली त्यांच्यातलं पाणी पाहिलं की हा माणूस पाण्याशी किती एकरूप झाला होता ते कळतं. १९३१ च्या डिसेंबरात ते गेले. फ्रेंच मंडळींचं काम त्यांनी कितपत पाहिलं होतं, यावर वाद घालण्यापेक्षा मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एकाच तळ्याकाठी वर्षानुवर्षं बसलेला डोळस माणूस कुणी न शिकवताही त्याच निष्कर्षाशी येऊ शकतो.

शिकवून हे आलं ते इंदूरला. होळकरांच्या राज्यातल्या कलाशाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर मुलांना घेऊन उघड्यावर जात. जाड रंग, ठसठशीत फटकारे, सावलीतही रंग शोधायचा. महेश्वरचे देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन आणि नारायण श्रीधर बेंद्रे ही सगळी त्या शाळेची मुलं. बेंद्रे १९१० चे, इंदूरचेच. मुंबईची पदविका घेऊन ते १९३० च्या दशकात काश्मीरला गेले आणि तिथल्या पर्यटन खात्यासाठी काम करत काही वर्षं राहिले. मुंबईच्या कलाशाळेतही त्याच दशकाच्या उत्तरार्धात चार्ल्स जेरार्ड संचालक झाले आणि आधुनिक युरोपीय चित्रकलेला तिथे उघड दार मिळालं. १९३८ मध्ये नाझी राजवटीपासून निसटून ऑस्ट्रियाचे वॉल्टर लँगहॅमर मुंबईत आले, ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये कलासंचालक झाले, आणि तरुण चित्रकारांना घरी बोलावून रंग कसा उजळ ठेवायचा हे दाखवू लागले. बेंद्रे पुढे बडोद्याला गेले, तिथल्या विद्यापीठात त्यांनी पिढी घडवली, आणि मुंबईला परतल्यावर उतारवयात रंगांच्या ठिपक्याठिपक्यांनी चित्र भरण्याच्या पद्धतीकडे वळले. ते मोनेनंतरच्या फ्रेंच चित्रकारांचं तंत्र. बेंद्र्यांनी त्यात आपल्या गावच्या बायका, गुरं आणि झाडं बसवली.

या सगळ्यांत आबालालांकडे पुन्हा यावंसं वाटतं, कारण मोनेच्या एका चित्रावर जे कष्ट घेतले गेले तेच त्यांच्या उरलेल्या चित्रांवर घेता येण्यासारखे आहेत. रंकाळ्यातला संध्यामठ तळं भरलं की पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. कोल्हापूरच्या चित्रकारांचा तो आवडता विषय. रंकाळ्याच्या ज्या जुन्या चित्रात मठाची जेवढी पायरी पाण्यावर दिसते, तेवढ्यावरून ऋतू आणि महिना अजमावता येईल. सावलीच्या दिशेवरून वेळ काढता येईल. कोटितीर्थाचा आणि पंचगंगेच्या घाटाचा काठ गेल्या शंभर वर्षांत किती बदलला, कुठली झाडं गेली, पाणी कुठवर होतं, याचा हा पहिल्या हाताचा पुरावा आहे, तोही रंगीत. कोल्हापुरात चित्रं आहेत, जुने नकाशे आहेत, पावसाच्या नोंदी आहेत, विद्यापीठात भूगोलाचा विभाग आहे आणि कलेवर प्रेम करणारी माणसंही आहेत. रंग आणखी फिके पडण्याआधी ही मंडळी एका टेबलाशी बसली पाहिजेत.